वाचकांचे प्रश्न : अँटीव्हायरसने काढलेली फाइल रोज परत येते

प्रश्न : माझे डीटीपीचे दुकान आहे. संगणक विंडोज १० चा. पानांच्या मांडणीच्या एका सॉफ्टवेअरचा क्रॅक टाकला, तेव्हापासून संगणक लावला की डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) 'बॅकडोअर' म्हणून एक फाइल पकडतो आणि काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी तीच फाइल हजर. ती कायमची कशी जाईल? – एक वाचक, सांगली

उत्तर : बॅकडोअर म्हणजे बाहेरच्या माणसाला संगणकाचा ताबा गुपचूप देणारा प्रोग्राम. पण रोज पकडली जाते ती फाइल म्हणजे रोगाचे मूळ नव्हे. तिला पुन्हा पुन्हा आणून ठेवणारी एखादी नोंद संगणकात शिल्लक आहे, आणि ती डिफेंडरच्या नजरेतून सुटली आहे.

क्रॅकमधून, म्हणजे विकतचे सॉफ्टवेअर पैसे न देता चालवण्यासाठीच्या फाइलीतून, शिरकाव कसा होतो ते आधी पाहू, कारण शोध तिथूनच सुरू करायचा आहे. अशा झिप फाइलला सहसा पासवर्ड लावलेला असतो, म्हणजे उतरवताना ब्राउझरला किंवा अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही. सोबतच्या सूचनांत 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असे लिहिलेले असते. मग विंडोज परवानगी विचारते आणि आपण 'येस' दाबतो. त्या क्षणी आतल्या प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार मिळतात. तो स्वतःची प्रत ॲपडेटा किंवा प्रोग्रामडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, ते फोल्डर डिफेंडरने तपासूच नये म्हणून 'एक्सक्लूजन्स'च्या (तपासणीतून वगळलेल्या जागांच्या) यादीत घालतो आणि संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी तजवीज करतो.

आता काढण्याचा क्रम. पहिले काम, नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. त्या संगणकावर बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड टाकणे आजपासून बंद.

मग विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधल्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये जा आणि तळाशी असलेली एक्सक्लूजन्सची यादी बघा. तुम्ही न घातलेले फोल्डर तिथे दिसले, तर पुसण्याआधी त्याचा पूर्ण पत्ता कागदावर उतरवून घ्या. प्रत कुठे लपली आहे, हे तीच नोंद सांगते.

यापुढचे खरे हत्यार म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मोफत 'ऑटोरन्स'. ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून उतरवा, पेनड्राइव्हने आणा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवा. तो पेनड्राइव्ह नंतर दुसरीकडे लावण्याआधी फॉरमॅट करा. संगणकासोबत आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट ऑटोरन्स दाखवते : लॉगऑन, सर्व्हिसेस, शेड्यूल्ड टास्क्स (ठरल्या वेळी चालणारी कामे), डब्ल्यूएमआय (विंडोजची अंतर्गत व्यवस्थापन यंत्रणा). 'ऑप्शन्स'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय आणि डिजिटल सही पडताळण्याचा पर्याय निवडा. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची सही नाही किंवा ती पटत नाही. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे, पण तिची फाइल जागेवर नाही. गुलाबी दिसली की लगेच विषाणू समजू नका. जुन्या प्रिंटरचे किंवा मराठी फाँटच्या पॅकेजचे ड्रायव्हरही गुलाबी दिसू शकतात.

इथे हमखास एक चूक होते. पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट ही आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारी मायक्रोसॉफ्टची स्वतःची साधने आहेत, त्यांची सही खरीच असते. बॅकडोअर त्यांच्याकडूनच आपले काम करून घेतो आणि लपवलेल्या नोंदींत निसटतो. म्हणून शेड्यूल्ड टास्क्स आणि डब्ल्यूएमआय हे दोन विभाग काहीही न लपवता पुन्हा एकदा नजरेखालून घाला आणि पॉवरशेलच्या पुढे लांबलचक अगम्य अक्षरांची ओळ आहे का ते पाहा.

संशयित प्रोग्राम चालू असेल तर टास्क मॅनेजरमधून थेट बंद करू नका. असे प्रोग्राम बरेचदा जोडीने चालतात. एक मेला की दुसरा त्याला पुन्हा उठवतो. मायक्रोसॉफ्टच्याच 'प्रोसेस एक्सप्लोरर'मध्ये दोघांनाही आधी 'सस्पेंड' करा, मग ऑटोरन्समधल्या नोंदीची खूण काढा आणि शेवटी फाइल पुसा. नोंद पहिल्याच फटक्यात डिलीट करू नका. खूण काढलेली नोंद चुकीची निघाली तर परत लावता येते.

यानंतर डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. तो विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे बॅकडोअरला जागे व्हायची संधीच मिळत नाही. साधारण १५ मिनिटे लागतात. मात्र तो संगणकात असलेल्याच डेफिनिशन (विषाणू ओळखण्याच्या खुणांची यादी) वापरतो. नेट काढलेले असेल तर ताज्या डेफिनिशनची फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून दुसरीकडे उतरवून आणा.

एवढे सगळे सांगूनही तुम्हाला आमचा सल्ला विंडोज नव्याने टाकण्याचाच आहे. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळालेल्या माणसाने इतके दिवस आत काय काय बदलले, याची खात्री कोणताही स्कॅन देऊ शकत नाही, आणि या संगणकावर ग्राहकांची कागदपत्रे असणार. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. संगणक विंडोज ११ ला चालणारा असेल तर तेच टाका. विंडोज टाकण्यासाठीचा ८ जीबीचा पेनड्राइव्ह स्वच्छ संगणकावर तयार करा. 'रीसेट'मधला फाइली ठेवण्याचा पर्याय घेऊ नका. इन्स्टॉल करताना त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन काढून टाका. सावध राहा : डी ड्राइव्ह बहुतेक वेळा त्याच डिस्कचा भाग असतो, त्यामुळे तिथले वर्षानुवर्षांचे कामही जाईल. आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, पण फक्त मजकूर, चित्रे आणि फाँट घ्या. सेटअपच्या फाइली, स्क्रिप्ट, शॉर्टकट यांतले काहीही नको. आणि तो क्रॅक पुन्हा टाकलात, तर ही सारी मेहनत वाया जाईल.

प्रश्न : आमच्या राउटरला फायरवॉल आहे. मग बाहेरचा माणूस आत येतोच कसा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तो येत नाही, आतला प्रोग्रामच त्याच्याकडे जातो. राउटर अडवतो ते बाहेरून न बोलावता आलेले जोडणीचे प्रयत्न. बॅकडोअर आतून बाहेर जोडणी करतो, तीही बहुधा ४४३ या पोर्टने, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळे उघडतात त्याच वाटेने. विंडोजची फायरवॉलही बाहेर जाणारी जोडणी सहसा अडवत नाही. पाहायचे असेल तर सगळे ब्राउझर बंद करा, रिसोर्स मॉनिटरच्या 'नेटवर्क' विभागात टीसीपी जोडण्यांची यादी उघडा आणि दहा मिनिटे लक्ष ठेवा. अपडेट, वनड्राइव्ह यांच्या जोडण्या दिसतीलच. एसव्हीसीहोस्ट नावाचा प्रोग्राम दिसला तर टास्क मॅनेजरमधून त्याच्या फाइलची जागा पाहा. ती विंडोजच्या सिस्टिम३२ किंवा सिसवाऊ६४ मध्येच हवी. ॲपडेटामध्ये निघाली तर नाव खोटे आहे.

प्रश्न : एका संकेतस्थळावर 'मी रोबो नाही' सिद्ध करण्यासाठी विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगितले. मी दाबले. काळी खिडकी चमकून गेली. स्कॅनमध्ये काही सापडले नाही. आता निर्धास्त राहू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, कृपया निर्धास्त राहू नका. त्या संकेतस्थळाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो त्या जागी) एक आज्ञा ठेवली होती आणि ती तुमच्याच हाताने चालवून घेतली. अशा आज्ञा अनेकदा पासवर्डचोर किंवा बॅकडोअर उतरवून घेतात. काही चोर काम उरकून स्वतःला पुसतात, म्हणून कोरा स्कॅन हा पुरावा नव्हे.

नेट तोडून पुन्हा विंडोज आणि आर दाबा, पण एंटर नको. बाजूच्या बाणावर आधीच्या आज्ञा दिसतात; त्या ओळीचा मोबाइलने फोटो घ्या. मग मोबाइलवरून, मोबाइल डेटा वापरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. पण तेवढे पुरत नाही. ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केले आहे हे सांगणाऱ्या छोट्या नोंदी) चोरल्या असतील, तर पासवर्ड किंवा ओटीपीशिवायही खाते उघडते. म्हणून प्रत्येक खात्यातून सर्व उपकरणांवरून साइन आउट करा, व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून संगणक काढा आणि जीमेलमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग, फिल्टर किंवा रिकव्हरी क्रमांक नाही ना ते पाहा. मग बँक. ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असे धरून चाला. पैसे गेल्याचे दिसले तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. संगणकाचे म्हणाल, तर वर सांगितल्याप्रमाणे विंडोज नव्याने टाका.

प्रश्न : फक्त कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच सॉफ्टवेअर घेतले तर धोका उरतो का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : फार कमी, पण उरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ३२ बिट ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्या आतच बॅकडोअर मिसळला होता. डिजिटल सही खरी, संकेतस्थळही खरे, आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोहोचली. दुसऱ्या टप्प्याचा घातक भाग मात्र मोजक्याच बड्या तंत्रज्ञान-कंपन्यांच्या संगणकांत उतरवला गेला. ५.३४ आवृत्तीत हा दोष नव्हता, पण ज्यांनी अपडेट टाळले त्यांच्याकडे तो तसाच राहिला. म्हणून अधिकृत जागेवरून घ्या, अपडेट चालू ठेवा, आणि रोजचे काम साध्या, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेल्या खात्यातून करा.