व्हिडिओ टाकते, पण मुलं बघतच नाहीत!

प्रश्न : मी नववी-दहावीला सायन्स शिकवते. ऑनलाइन क्लासरूमवर व्हिडिओ टाकते पण मुलं उघडतच नाहीत, उघडले तरी नुसते चालू ठेवतात. काय करू?

उत्तर : मॅडम, व्हिडिओ म्हणजे परत लेक्चरच की हो! हाताला काम द्या. फेट (PhET) या वेबसाइटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, फ्री आहेत, २००२ मध्ये नोबेलवाले कार्ल वीमन यांनी सुरू केलेली, बरीचशी मराठीतही मिळतात. त्यातलं सर्किटवालं घ्या आणि आधी विचारा की सिरीजमध्ये दुसरा बल्ब जोडला तर पहिल्याचं काय होईल, अंदाज लिहून पाठवा, मगच जोडून बघा, अंदाज चुकला की मुलं आपसातच वाद घालायला लागतात आणि आपल्याला तेच तर हवंय. कहूट (Kahoot) या ऑनलाइन खेळातली क्विझ मस्त, पण रोज नको, टायमर लागला की सावकाश विचार करणारी मुलं गप्प होतात. नेट नसेल त्यांना सिम्युलेशन डाउनलोड करून द्या, ऑफलाइन चालतं.