सहलीत मन का रमत नाही?

मुलांच्या सुट्या संपल्या, की इंदूरमधील माझ्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो: घरच्यांसोबत सहलीला जाऊनही मन तिथे लागत नाही, सारखे पुढच्या कामाकडे धावते, माझ्यातच काही दोष आहे का? हे विचारणारी व्यक्ती बहुधा तीच असते, जिच्यावर सहलीची सारी व्यवस्था सोपवलेली असते. अशाच एका ताईंचा अनुभव येथे सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई बँकेत अधिकारी आहेत. घरी यजमान, दोन मुले आणि ऐंशीला टेकलेल्या सासूबाई. पावसाळ्यात सगळे मांडूला गेले होते. जहाज महालाजवळ, मुंज तलावाच्या काठी बसून सासूबाई आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत होत्या आणि शेजारी बसलेल्या ताई मोबाइलवर जेवणाची सोय शोधत होत्या, मध्येच कार्यालयाच्या एका संदेशाला उत्तर देत होत्या. परतल्यावर सासूबाईंनी सहज विचारले, "माझ्या आत्याबाईंचे सांगितले ते लक्षात आहे ना ग?" ताईंना काहीच आठवेना. "मॅडम, त्यांच्यासोबत अशा किती सहली आता होणार आहेत? आणि मी शेजारी असूनही तिथे नव्हतेच," हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला.

मी त्यांना पहिल्यांदा हेच सांगितले, की मन भरकटणे हा आजार नव्हे. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना फोनद्वारे अधूनमधून विचारले होते, की आत्ता तुम्ही काय करत आहात आणि मन कशात आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन दुसरीकडे असताना माणसे एकंदरीत कमी सुखी होती. म्हणजे ताईंची खंत खरी होती, पण त्यासाठी स्वतःला अपराधी ठरवण्याचे कारण नव्हते.

ताईंनी आधी बरेच उपाय करून पाहिले होते. दीर्घ श्वास घेणे, विचार करायचाच नाही असे ठरवणे, फोन बॅगेत ठेवणे. ते टिकले नाहीत, आणि टिकणारही नव्हते असे मला वाटते. कारण गाडी किती वाजता सांगायची, सासूबाईंचे औषध कोणाजवळ आहे, सोमवारच्या तपासणीची कागदपत्रे तयार आहेत का, हे प्रश्न खरे होते आणि त्यांची उत्तरे देणारे घरात दुसरे कोणी नव्हते. अपुरे राहिलेले काम मनात पुन्हा पुन्हा डोके वर काढते. मात्र ते कधी आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तर काम पूर्ण होण्याआधीच त्याची टोचणी कमी होते, असे मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसले आहे. ज्याच्या डोक्यात सर्वांचे वेळापत्रक आहे त्याला "आत्ताच्या क्षणात राहा" असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. आधी ते वेळापत्रक वाटून द्यायला हवे.

म्हणून पुढच्या सत्राला मी यजमानांना आणि मोठ्या मुलालाही बोलावले. गाडी आणि मुक्काम यजमानांकडे गेला, आजीची औषधे आणि जेवणाची जागा मुलाकडे. ताईंनी एक लहान वही जवळ ठेवायची आणि कामाचा विचार आला, की तो कधी हाताळायचा त्या वेळेसह लिहून पुन्हा समोर पाहायचे, एवढेच ठरले. यजमानांना हे सारे सुरुवातीला क्षुल्लक वाटले. जेवणाला उशीर झाला किंवा एखादे ठिकाण राहून गेले तरी ताईंनी मध्ये पडायचे नाही, ही अट त्यांना स्वतःला सर्वांत जड गेली.

हिवाळ्यात सगळे महेश्वरला गेले. अहिल्याबाईंच्या वाड्यापेक्षा सासूबाईंना मागाची ओढ अधिक होती. तिथे विणकराने साडीची किनार उलटून दाखवली; महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी वापरता येते. किनारीवर नर्मदेच्या लाटांची लहर होती. सासूबाई त्या नागमोडी रेघेवरून बोट फिरवत सांगू लागल्या, की आत्याबाईंच्या लग्नातल्या साडीला अशीच किनार होती, आणि ती साडी पुढे घरातल्या तीन मुलींच्या मंगळागौरीला वापरली गेली. ऐकताना मध्येच ताईंना बँकेची आठवण झाली, त्यांनी वहीत "सोमवार, सकाळी दहा" एवढे लिहिले आणि विचारले, "मग ती साडी शेवटी कोणाकडे राहिली?"

त्या दिवशी जेवायला बराच उशीर झाला आणि होडीतून फिरायचे राहून गेले. तरीही सत्रात ताई मला त्या साडीची सगळी हकीकत क्रमाने सांगू शकल्या.

ज्यांचे मन सहलीतच नव्हे, तर घरीही आठवडेच्या आठवडे शांत होत नाही, झोप उडते किंवा छातीत धडधडते, त्यांनी मात्र वहीवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ताईंचे तसे नव्हते. पुढच्या सहलीची आखणी आता मुलगा करतो आहे. ताईंनी वही सोडलेली नाही आणि सोडावी असे मी सुचवलेलेही नाही.