वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहावे

दादर, मुंबई

चिरंजीव मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होणाऱ्या दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाचे तिकीट काढल्याचे तू कळवले आहेस आणि ‘काका, सोबत काय न्यावे आणि कुठे उभे राहावे’ एवढेच विचारले आहेस. तिकिटाची रक्कम वाचल्यावर मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. पण पैसे गेलेच आहेत, तेव्हा त्याबद्दल आत्ता बोलत नाही, पुढे बोलेन. मी चौतीस वर्षे साउंडचे काम केले, सभागृहांत, मैदानांत आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत. त्यामुळे माझा सल्ला हा गाणाऱ्याचा नाही आणि दर्दी रसिकाचाही नाही. कन्सोलच्या, म्हणजे आवाज जुळवण्याच्या यंत्राच्या, मागे उभे राहून, समोरच्या गर्दीत कुणाला काय ऐकू जात असेल याचा अंदाज बांधत आयुष्य काढलेल्या माणसाचा तो आहे.

कुठे उभे राहावे, याचे उत्तर आधी देतो. मैदानाच्या मध्यावर, रंगमंचासमोर, एक तंबू किंवा उंच चौथरा दिसेल. तिथे कन्सोल असते आणि कार्यक्रमाचा सारा आवाज तिथल्या माणसाच्या कानाने जुळवलेला असतो. म्हणून त्या चौथऱ्याच्या आसपास, शक्यतो त्याच्या दहा-पंधरा पावले पुढे आणि मधल्या रेषेपासून थोडे बाजूला उभे राहा. ‘थोडे बाजूला’ असे मुद्दाम म्हणतो, कारण रंगमंचाच्या दोन्ही टोकांना ठेवलेल्या मोठ्या खर्जाच्या स्पीकरांचा आवाज बरोबर मधल्या रेषेवर एकमेकांत मिळून दुप्पट जोराने आदळतो आणि त्याखाली गाणाऱ्याचे शब्द गुदमरतात. अगदी कठड्याला टेकून उभे राहिलेल्यांना कलाकाराच्या कपाळावरचा घाम दिसतो, हे खरे. पण गाणे त्यांना सर्वांत वाईट ऐकू येते, कारण मुख्य स्पीकर त्यांच्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे रोखलेले असतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ती फक्त आपल्यासारख्या समुद्रकाठच्या शहरात एवढी महत्त्वाची ठरते. रेसकोर्सच्या पश्चिमेला हाजी अलीचा समुद्र आहे. दुपारनंतर वारा तिकडून जमिनीकडे वाहू लागतो आणि सूर्य बुडाल्यावर तो मंदावतो. वारा रंगमंचाकडून तुझ्याकडे येत असेल तर आवाज खाली वाकून लांबपर्यंत स्वच्छ पोहोचतो. तो तुझ्याकडून रंगमंचाकडे जात असेल तर आवाज वर उचलला जातो आणि तुझ्या डोक्यावरून निघून जातो. झुळूक मध्येच आडवी आली की झांजांची आणि गळ्याची वरची टोके हेलकावतात, जणू कुणीतरी दार उघडझाप करत आहे. तेव्हा आत गेल्यावर आधी ओढणीचे टोक हातात धरून ते कुठे उडते ते पाहा आणि मगच जागा ठरव.

मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. चौपाटीजवळच्या एका मैदानावर, मी नवखा असताना, दुपारी पाच वाजता रिकाम्या मैदानात आवाज तपासला. वारा जोरात होता, गायिकेचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचेनात, म्हणून मी वरचे स्वर भरपूर चढवून ठेवले आणि समाधानाने चहा प्यायला गेलो. साडेसातला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वारा पडलेला होता. बाईंच्या तोंडून निघालेला प्रत्येक ‘स’ पत्रा कापल्यासारखा ऐकू येऊ लागला आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानावर उपरणे गुंडाळले. ते उपरणे मला अजून दिसते.

आता कानांबद्दल. आवाज 85 डेसिबल असेल तर आठ तास ऐकणे चालते आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो, असा कामगारांच्या आरोग्यासाठी धरलेला हिशेब आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात, आणि मोठ्या रंगमंचासमोर 100 ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. तू तिथे दोन दिवस, रोज सहा-सात तास उभी राहणार आहेस. मी तरुणपणी कानात बोळे घालणाऱ्यांना हसत असे. आज रात्री पंखा बंद केला की माझ्या डाव्या कानात एक बारीक स्वर अखंड वाजतो. एकदा तो पेटीवर शोधायला बसलो, तर शेवटच्या पट्टीच्याही वर निघाला. म्हणून कानातले बोळे ही सोबत नेण्याची पहिली वस्तू समज. पाण्याची बाटली बहुधा दारातच काढून घेतात, तेव्हा पाणी आत कुठे भरून मिळते ते आल्या आल्या पाहून ठेव; टोपी, चपट्या तळाचे बंद बूट आणि फोन पुन्हा चार्ज करण्याची सोय, एवढे बास आहे. पुढे कधी तिकीट घेशील तेव्हा मात्र अधिकृत ठिकाणाखेरीज कुणाकडून घेऊ नकोस. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला तेव्हा तिकिटांचा किती काळाबाजार झाला, ते तू वाचले असशीलच.

कार्यक्रम रात्री दहाला बंद का होतो, असे तू विचारले नाहीस, पण पहिल्या रात्री नक्की विचारशील. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले; त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते आणि ते दिवस बहुतेक सणावारांतच खर्च होतात. शिवाय रुग्णालय, शाळा-महाविद्यालय किंवा न्यायालय यांच्यापासून 100 मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. धोबी तलावचे रंगभवन याच नियमात सापडले. एका बाजूला महाविद्यालय, जवळच दोन रुग्णालये आणि मध्ये ते उघडे नाट्यगृह. याच गावात 1978 साली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताची जत्रा, सुरू झाली आणि सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तिच्यात वाजवून गेला. पुढे रॉकची पोरे वर्षानुवर्षे रंगभवनाच्या पायऱ्यांवर घाम गाळत उभी राहिली. ते बंद पडले याची हळहळ मला आहे, पण त्या रुग्णालयाच्या खाटेवर माझे वडील असते तर मीच तक्रारीचा अर्ज लिहिला असता, हेही मला ठाऊक आहे.

या नियमाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. मालकंस, दरबारी, बागेश्री हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग उघड्या मांडवातून हळूहळू नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी पहाटेचे कार्यक्रम वाढले. दिवाळी पहाट तर आता गल्लोगल्ली असते. उस्ताद अल्लारखाँ यांच्या स्मृतिदिनी, 3 फेब्रुवारीला, त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन षण्मुखानंद सभागृहात भल्या सकाळी मैफल सुरू करत आणि दिवसभर ती चाले. लोक पहिल्या लोकलने, अर्धवट झोपेत, स्वेटर घालून येत आणि तबल्याच्या पहिल्या थापेला जागे होत. पहाटेच्या कार्यक्रमाला जाण्याची सवय लाव. त्या वेळी माणसाचे कान ताजे असतात आणि येणारा माणूस खरोखर ऐकायला आलेला असतो.

सभागृहात गायनाला गेलीस तर सुरुवातीची दहा मिनिटे कलाकार वाद्ये लावत बसलेले दिसतील. त्या वेळी फोन काढू नकोस, ते पाहा. आपल्या हवेतला दमटपणा चामडे आणि लाकूड दोन्ही पितात. बाहेरच्या उकाड्यातून आणलेला तबला सुराने उतरलेला असतो. तोच वातानुकूलित रंगमंचावर अर्धा तास राहिला की कोरडा पडून चढतो. मग तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत, एकेक घर तपासत, गायकाच्या षड्जाशी तो मिळवत राहतो आणि मागे तंबोऱ्यावरचा विद्यार्थी मणी केसभर सरकवून पुन्हा कान लावतो. बाणगंगेच्या काठी उघड्यावर मैफल असली की हे दर वीस मिनिटांनी करावे लागते. ज्याला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, त्याला पुढे तंबोरा आणि गळा एकमेकांत विरघळतो तो क्षणही कळत नाही.

आता त्या रकमेविषयी. तुझ्या एका तिकिटाच्या पैशांत वर्षभर, महिन्यातून दोनदा, छोट्या ठिकाणी जाता येते आणि मी तुझ्या जागी असतो तर तसेच केले असते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेचे टाटा थिएटर 1980 साली उघडले. हजारभर आसनांचे ते सभागृह बांधलेच अशा रीतीने की ध्वनिवर्धकाविना भारतीय संगीत ऐकू यावे आणि कुणीही रंगमंचापासून फार लांब नसावे. मी माझा सारा पेटारा घेऊन तिथे गेलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की इथे आपली गरजच नाही. तिथे वेळेआधी पोहोच, उशीर झाला तर बाहेर ताटकळावे लागू शकते. विलेपार्ले, दादर, माटुंगा, चेंबूर इथल्या संगीतसभांच्या बैठका स्वस्त किंवा विनामूल्य असतात. सतरंजीवर बसावे लागते, पण गायकाचा श्वास ऐकू येतो. 1999 साली सुरू झालेला काळा घोडा कला महोत्सव जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत भरतो आणि त्याला तिकीट नाही. फेब्रुवारीतच वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव 2011 पासून भरत आला आहे. तिकिटाचा असला तरी चार भिंतींच्या आत असल्यामुळे आवाज नेटका बसतो. आणि नारळी पौर्णिमेला वरळी कोळीवाड्यात संध्याकाळी जा. बेंजोच्या पट्ट्यांवर नाचणारी बोटे, मागे ढोल आणि बँड, आणि लुगड्याचा काष्टा सावरत ठेका धरणाऱ्या बायका, यांच्या मध्ये उभे राहिल्यावर रेसकोर्सवरच्या रोषणाईची आठवण येणार नाही.

नव्या बँडांसाठी खार, लोअर परळ, वरळी भागात लहान जागा आहेत. त्या टिकतीलच याचा भरवसा मात्र धरू नकोस. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात ब्लू फ्रॉग 2007 साली सुरू झाले, शहरातल्या कितीतरी बँडांना त्याने उभे राहायला जागा दिली आणि 2016 साली ते बंद झाले. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणणारे बाहेरच राहिले.

परतीचे आधी ठरवावे आणि मग निघावे. दहाला कार्यक्रम संपला की हजारो लोक एकाच वेळी महालक्ष्मी स्थानकाकडे वळतात. तू वीस मिनिटे मैदानातच बसून पाणी पी आणि गर्दी ओसरली की निघ. भुयारी मेट्रो साडेदहाच्या सुमारास थांबते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नकोस. पश्चिम रेल्वेच्या लोकल मात्र मध्यरात्र उलटेपर्यंत असतात आणि रात्री महिलांच्या डब्यात पोलीस असतो. महोत्सवाचा दुसरा दिवस रविवार आहे, म्हणून निघण्यापूर्वी रेल्वेच्या ब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची, सूचना वाच. आणि एक विनंती, ही मात्र माझ्या स्वार्थाची आहे. सभागृहात भैरवी सुरू होताच चपला शोधत उठणारी माणसे मी आयुष्यभर कन्सोलमागून पाहिली. तू त्यांच्यासारखी उठू नकोस. फार तर एक लोकल चुकेल.

या पत्रासोबत फोमच्या बोळ्यांची एक डबी पाठवत आहे. बोळा नुसता कानात कोंबायचा नसतो: तो बोटांत वळून सुतासारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर ओढायची, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोट तसेच दाबून धरायचे. घरी दोनदा करून पाहा. डबीचे झाकण जरा अडते, नखाने न उचकटता अंगठ्याने डावीकडे फिरव.

तुझा,
साउंडवाला काका