आधी मुलांचा कागद दिसू दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षक पदविका झाल्यावर शाळेत जागा निघेपर्यंत घरूनच ऑनलाइन चित्रकलेचे वर्ग घ्यायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. त्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी करणारी मुलं आहेत, म्हणजे जबाबदारीचं काम आहे. तू विचारलंस, कॅमेरा कोणता घेऊ? इतक्यात काहीच घेऊ नकोस, हातातला फोन पुरे. त्याआधी एक गोष्ट सांगते, जी तू विचारली नाहीस.

आपला हात मुलांना नीट दिसावा म्हणून सगळेच धडपडतात. मुलांचा कागद आपल्याला दिसावा म्हणून फारसं कुणी काही करत नाही. वर्गात आपण बाकांमधून फिरतो, खांद्यावरून वाकून बघतो, एखाद्याच्या रेघेवर बोट ठेवतो. चित्रकलेचं निम्मं शिकवणं तिथेच होतं. २०२० च्या टाळेबंदीत शाळेचे वर्ग फोनवर आले, तेव्हा पहिल्यांदा हरवलं ते हे फिरणं. मुलं छान मान डोलवायची, आणि कागदावर काय चाललंय याचा पत्ता नसायचा. म्हणून तुझी पहिली मेहनत तिकडे जाऊ दे.

पहिला तास चित्राचा ठेवूच नकोस, फोन लावण्याचा ठेव. आई किंवा बाबा शेजारी बसलेले असू देत. मूल ज्यावर कागद लावून काढतं त्या फलकाच्या पलीकडे जाड पुस्तकांची चळत, तिच्यावर एखादा जड डबा, आणि डब्याला रबरबँडने फोन किंचित पुढे झुकवून बांधायचा. कागदाचे चारही कोपरे आणि मुलाचे दोन्ही हात दिसले पाहिजेत, डोळेही दिसले तर उत्तम. चित्र तुला उलटं आणि तिरकं दिसेल, त्याची सवय होते. पेन्सिल टोकाशी घट्ट धरलीय का, रेघ बोटांतून येतेय की खांद्यातून, मूल वस्तूकडे बघतंय की नुसतं कागदाकडे, हे सगळं त्यातून कळतं. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. वस्तूकडे न बघता काढणारं मूल दोन मिनिटांत ओळखू येतं, आणि लगेच नाव घेऊन सांगता येतं, ‘पेन्सिल खाली ठेव, आधी बघ.’

प्रमाण तपासायला मात्र ही तिरकी दृश्यं चालत नाहीत, त्यासाठी फोटोच लागतो. फोटो कसा काढायचा हेही शिकवावं लागतं. कागद खिडकीजवळ सपाट ठेवायचा, फोन त्याला समांतर धरायचा, फ्लॅश बंद, स्वतःची सावली कागदावर नको. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि फिकट पेन्सिलीच्या रेघा पुसट होतात, म्हणून एचडी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. त्या फोटोवर फोनमधल्याच एडिटच्या पेनने लाल रेघ मारून, सोबत आवाजी निरोप जोडून परत पाठव. आणि तो ज्याचा त्यालाच पाठव. ग्रुपवर सर्वांदेखत दुरुस्ती केली की बुजरं मूल पुढच्या वेळी चित्रच पाठवत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घे. वस्तुचित्रात तांब्या आणि दोन कांदे मांडलेत. बहुतेक मुलं तांब्याचं तोंड काढताना वर-खाली दोन कमानी काढतात, आणि त्या जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना टोकदार कोपरे येतात. बुडाला सरळ रेघ, कारण तांब्या टेबलावर टेकलाय हे त्यांना माहीत असतं. हे तोंडी समजावत बसू नकोस. सगळ्यांना स्वयंपाकघरातून एकेक वाटी आणायला लाव. एक डोळा मिटून वाटी डोळ्यासमोर अशी धरायची की तिची कड नुसती रेघ दिसेल. मग तशीच आडवी हळूहळू खाली न्यायची. रेघ उघडते, तिचं लंबवर्तुळ होतं, आणि वाटी जितकी खाली जाईल तितकं ते फुगतं. मग विचार, तांब्याचं बूड तोंडाच्या वर आहे की खाली? उत्तर त्यांचं तेच देतात. त्यानंतर त्यांच्या फोटोवर मधोमध उभा अक्ष टाक आणि बुडाचं लंबवर्तुळ न दिसणाऱ्या मागच्या भागासह पूर्ण काढून दाखव. हा धडा पडद्यावर कधीकधी वर्गापेक्षा चांगला होतो, कारण वर्गात मांडणी एकच असते आणि मागच्या बाकावरून ती धड दिसत नाही. घरी प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःची वस्तू असते.

म्हणूनच तुझ्या मांडणीचा फोटो पडद्यावर दाखवून त्यावरून चित्र काढून घेऊ नकोस. फोटोत कॅमेऱ्याने सपाट करण्याचं काम आधीच केलेलं असतं, मुलाला करायला काही उरत नाही. परीक्षेला केंद्रावर खरी मांडणी समोर येते तेव्हा अशी मुलं गोंधळतात.

आता तुझ्या टेबलाकडे वळू. फोन वरून खाली बघणारा हवा, मागचा कॅमेरा वापर. स्टँड कोणताही चालेल, फक्त तो ज्या टेबलावर चित्र काढतेस त्या टेबलाला अडकवू नकोस. तू खोडरबर घासलंस की टेबल हलतं आणि सगळ्यांचं चित्र थरथरतं. शेजारच्या कपाटाला किंवा भिंतीतल्या फळीला अडकव. फोन पालथा असला की त्याला वर-खाली कळेनासं होतं आणि चित्र मधेच फिरतं, तेव्हा आधी ते सरळ करून घे आणि मग ऑटो-रोटेट बंद कर.

उजेडासाठी खिडकी उत्तम. तू उजव्या हाताने काढतेस, म्हणून खिडकी डावीकडे ठेव, नाहीतर तुझ्याच हाताची सावली रेघेवर पडते. संध्याकाळी दोन दिवे, दोन्ही बाजूंनी तिरके, पुढे बटर पेपर लावून. रिंग लाइट चेहऱ्यासाठी असतो, ओल्या रंगावर त्याचं गोल चकाकतं वर्तुळ उमटतं आणि नेमकं तिथलंच काही दिसत नाही. दिव्याखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर आहे का बघ, आपली वीज ५० हर्ट्झची. आणखी एक, पांढरा कागद पूर्ण चौकटभर आला की कॅमेरा सगळंच अंधारं करतो, कागद करडा आणि हात काळपट दिसतो. कागदाभोवती मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा दिसू दे, फरक लगेच कळेल.

मीटिंगमध्ये लॅपटॉपवरून बोल आणि फोन दुसरा सहभागी म्हणून घे. फोनचा ऑडिओ जोडूच नकोस, नाहीतर आवाज घुमतो. झूममध्ये फोनला स्पॉटलाइट केलंस की सगळ्यांना तो मोठा दिसतो, पिन केलंस तर फक्त तुला. समोरच्या कॅमेऱ्यात तुझं तुला उलटं दिसतं, मुलांना ते सुलटच जातं. अक्षरलेखन शिकवताना या भीतीने थांबू नकोस.

फुकटच्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा आहे, गूगल मीटला तिघं किंवा जास्त असले की ६०. मला ती ४० मिनिटं सोयीचीच वाटतात. दहा मिनिटं तू काढून दाखव, त्याहून जास्त नाही. उरलेला वेळ मुलं काढतील आणि तू एकेकाचं दृश्य मोठं करून बघशील, नावाने बोलशील. हेच तुझं बाकांमधून फिरणं.

जलरंगाला वेगळी तयारी लागते. ओल्या कागदावर ओला रंग कधी सोडायचा, हे कागदाच्या चकाकीवरून ठरतं. पाणी तळ्यासारखं साचलेलं असताना नाही, चकाकी पूर्ण गेल्यावरही नाही, मधल्या साटिनसारख्या झळाळीत. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यात ही झळाळी दिसतच नाही. त्या वेळी फोन काढ, कागदाच्या पातळीला आण आणि खिडकीकडे तोंड करून तिरका दाखव. मग मुलांनाही आपापला कागद डोळ्यांपाशी आडवा धरून बघायला सांग. रंगांबाबत पडद्यावर विश्वास ठेवू नकोस, प्रत्येकाच्या फोनवर रंग वेगळा दिसतो आणि अनेकांचा डोळ्यांना आराम देणारा पिवळट मोड चालूच असतो. ‘हा असा करडा’ म्हणण्यापेक्षा ‘अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना तपकिरी’ असं सांग, आणि मुलांना स्वतःचा रंगतक्ता करायला लाव.

तुझ्या वर्गातल्या अमेरिकेतल्या दोन मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी साडेसातची वेळ चांगली. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग तुझे साडेसात म्हणजे त्यांचे नऊ, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा दहा. पालकांना आठवडाभर आधी कळव. त्या मुलांना तांब्या मिळाला नाही तर कॉफीचा मग चालेल, लंबवर्तुळ तेच.

रेकॉर्डिंग करायचं तर फक्त तुझ्या फलकाचं, मुलांचे चेहरे त्यात येऊ देऊ नकोस. वेटिंग रूम चालू ठेव, म्हणजे तू आत घेतल्याशिवाय कुणी येणार नाही. मुलांची चित्रं कुठे लावायची असतील तर आधी पालकांना विचार. यात हयगय नको.

फीबद्दल एवढंच, पहिल्या महिन्यात एका वेळी आठापेक्षा जास्त मुलं घेऊ नकोस, कितीही जण आग्रह करोत. त्याहून जास्त कागद तुला एका तासात बघता येणार नाहीत, आणि बघता येत नाहीत तर त्यांचे पैसे घेऊ नयेत.

टेबलाची मांडणी झाली की फोटो पाठव, दिवे आणि स्टँड दिसतील असा. आणि पहिल्या तासाला मुलांचे फोन लागले की त्या पडद्याचा स्क्रीनशॉटही पाठव, चेहरे झाकून. कुणाचा डबा कुठे सरकवायचा ते मला त्यावरून सांगता येईल.

तुझ्या बाई