क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) माती आली की पीसीई ॲडमिक्श्चर (काँक्रीट कमी पाण्यात प्रवाही ठेवणारे पॉलिकार्बोक्झिलेट रसायन) निष्प्रभ का होते, आणि त्यावर उपाय काय?

सातारा-सांगलीकडची क्रश सँड बेसाल्टची असते. खाणीवरचा काळ्या मातीचा थर नीट काढला नाही, तर त्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज वाळूत उतरते. पीसीईच्या रेणूला पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या बाजूसाखळ्या असतात; त्या या खनिजाच्या पापुद्र्यांत शिरून अडकतात, त्यामुळे सिमेंटचे कण विलग ठेवण्यास पुरेसे ॲडमिक्श्चर उरत नाही आणि स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा प्रवाहीपणा, झपाट्याने उतरतो.

रसायनाची रचना करताना एक तर पापुद्र्यांत न शिरणाऱ्या, उदाहरणार्थ हायड्रॉक्सिअल्काइल, बाजूसाखळ्या वापरता येतात; किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल अथवा धनभारित पॉलिमर सोबत देता येते, म्हणजे माती आधी तेच शोषून घेते. दुसरा मार्ग प्लँटवर सोपा असल्याने मी तोच आधी आजमावण्यास सांगेन. नुसती पीसीईची मात्रा वाढवत जाणे मात्र मला मुळीच पटत नाही, कारण मातीचे प्रमाण गाडीगणिक बदलते आणि स्वच्छ वाळू आली की तेच काँक्रीट पाणी सोडू लागते.

आयएस ३८३ (२०१६) हे वाळू-खडीचे भारतीय मानक क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालील कण १५ टक्क्यांपर्यंत चालवते, परंतु ती धूळ दगडाची की मातीची हे चाळणीवरून कळत नाही. त्यासाठी मिथिलीन ब्लू चाचणी (धूळ किती निळा रंग शोषते यावरून मातीचा अंदाज देणारी) आवर्जून करावी.