कुशीवर वळताना खोली फिरते तेव्हा

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे असून मी ठाण्यात नौपाड्यात राहते. गेल्या तीन आठवड्यांपासून पहाटे उजव्या कुशीवर वळले की सारी खोली गरगर फिरते आणि मळमळू लागते. फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर केली तरी तसेच होते. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसल्यामुळे मी पट्टा लावते, पण उपयोग झालेला नाही. हे मानेमुळे होत असेल का? मेंदूचा एमआरआय करावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नुसते ‘चक्कर येते’ असे न लिहिता खोली फिरते आणि ती केव्हा फिरते हेही आपण कळवलेत, त्यामुळे निदानाचे निम्मे काम झाले आहे. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना झोक जाणे आणि भोवताल फिरल्यासारखा वाटणे, या तिन्हींना आपण चक्करच म्हणतो. परंतु व्हर्टिगो म्हणजे यांपैकी तिसरा प्रकार. अंधारी येत असेल, तर आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर रक्तदाब मोजावा लागतो.

हे फिरणे किती वेळ टिकते, ते मात्र आपण लिहिलेले नाही. मळमळ मागे रेंगाळत असल्यामुळे रुग्णांना ते दहा मिनिटांचे वाटते, म्हणून घरातील कोणालातरी घड्याळ लावून पाहायला सांगावे. ते मिनिटाच्या आत थांबत असेल, तर आतल्या कानातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. डोके विशिष्ट दिशेने हलले की हे कण सरकतात आणि मेंदूला फिरण्याचा खोटा संदेश जातो. याउलट मेनियर या आतल्या कानाच्याच दुसऱ्या विकारात चक्कर वीस मिनिटांपासून कित्येक तास राहते आणि सोबत कानात आवाज येतो, ऐकू कमी येते. तोलाच्या नसेला सूज आली असेल, तर चक्कर दिवसेंदिवस थांबत नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आपल्याला तपासणीच्या टेबलावर बसवून, डोके एका बाजूला ४५ अंश वळवून झटकन मागे निजवतील आणि डोळ्यांकडे पाहतील. दोष त्या बाजूस असेल, तर काही सेकंदांत बुबुळे ठरावीक पद्धतीने थरथरतात. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली ही चाचणी दोन्ही बाजूंना करतात. मानेचा त्रास आहे, हे आधी सांगावे, म्हणजे तपासणी बेताने करता येते. चक्करेच्या गोळ्यांमुळे ही लक्षणे झाकली जाऊ शकतात, म्हणून गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. दोष सापडल्यास एप्ली पद्धतीने डोके टप्प्याटप्प्याने वळवून कण मूळ जागी आणता येतात, आणि बरेचदा एक-दोन खेपांतच आराम पडतो. बाजू निश्चित होण्यापूर्वी चित्रफिती पाहून हे घरी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मणक्यांची झीज या वयात अनेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. तेवढ्यावरून चक्करेचा दोष मानेला देणे मला पटत नाही. एमआरआयमध्ये हे कण दिसत नाहीत, त्यामुळे तपासणी स्पष्ट असल्यास त्याची गरज नसते. मात्र चक्करेसोबत बोलणे अडखळले, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, आधाराशिवाय उभे राहता येईना किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर पक्षाघाताची शंका धरून तत्काळ रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. तपासणी होईपर्यंत स्टुलावर चढू नये, फळीवरचे डबे खाली आणून ठेवावेत आणि पहाटे क्षणभर पलंगाच्या कडेवर बसूनच उभे राहावे.