अर्काइव्ह सर्व्हरवर आऊटलुक कशाला? : प्रश्नोत्तरे

जुने मेल साठवणाऱ्या सर्व्हरबद्दल कोकणातून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक इथे घेतो. बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलं आहे : त्या सर्व्हरवर मेलचा कुठला प्रोग्राम टाकायचा?

प्रश्न : लोट्याला एका रसायन कारखान्यात मी आयटी पाहतो. आमचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) स्वतःचं आहे. जुने मेल साठवणारा एन्टरप्राइझ व्हॉल्ट हा प्रोग्राम बसवायला घेतला, तर त्याच्या डिप्लॉयमेंट स्कॅनरने, म्हणजे आधीच्या तपासणीने, आऊटलुक नाही म्हणून लाल फुली मारली. त्या मशीनसमोर बसून कोण मेल वाचणार आहे? मायक्रोसॉफ्टचं छोटं मॅपी पॅकेज टाकून भागेल का?

उत्तर : वाचणार कोणीच नाही, आणि आऊटलुक तिथे माणसासाठी नसतंच. एक्स्चेंजमधल्या मेलबॉक्समध्ये शिरायला व्हॉल्ट मॅपी (प्रोग्रामने मेलबॉक्सशी बोलायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) वापरतं आणि मॅपीच्या डीएलएल फायली, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारे तयार भाग, आऊटलुकबरोबर येतात. रात्री काम सुरू झालं की एकेक मेलबॉक्स उघडायचा, नियमात बसणारा मेल उचलायचा, त्याच्या जागी शॉर्टकट ठेवायचा, हे सगळं त्या फायलींच्या जिवावर चालतं. म्हणून थंडरबर्डसारखा दुसरा मेल प्रोग्राम कितीही चांगला असला तरी इथे कामाचा नाही.

छोट्या पॅकेजच्या नादी लागू नका. ते सर्व्हरशी जुन्या आरपीसी पद्धतीनेच बोलतं. एक्स्चेंज २०१३ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये मॅपी ओव्हर एचटीटीपी ही नवी पद्धत आली आणि २०१६ पासून नव्या सर्व्हरवर तेच आधीपासून चालू असतं. ते या पॅकेजला येत नाही.

क्रम असा ठेवा : आधी आऊटलुक, मग व्हॉल्ट. आणि एक्स्चेंजच्याच मशीनवर हे दोन्ही लादू नका. आऊटलुक टाकल्यावर स्वतःच्या नव्हे, तर व्हॉल्टच्या सर्व्हिस अकाउंटने (ज्या खात्याखाली व्हॉल्ट चालतं त्याने) लॉगिन करा आणि त्याच्या मेलबॉक्सशी एकदा जोडून बघा. घड्याळाशेजारच्या आऊटलुकच्या आयकॉनवर कंट्रोल दाबून राइट क्लिक केलं की ऑटोकॉन्फिगरेशन तपासायचा पर्याय दिसतो. तो चालवा. सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही अशी खिडकी आली तर 'येस' दाबून पुढे जाऊ नका, सर्टिफिकेट दुरुस्त करा. सर्व्हिस रात्री दोन वाजता चालते, तेव्हा 'येस' दाबायला तिथे कोणी नसतं. पहिल्या वेळच्या स्वागताच्या खिडक्या मिटवा, आऊटलुक बंद करा आणि पुन्हा उघडू नका.

कुठल्या व्हॉल्टला कुठलं आऊटलुक, हे अंदाजाने ठरवू नका, सुसंगतता तक्ता बघा. तो शोधताना गोंधळ होतो, कारण हे उत्पादन सिमँटेककडून व्हेरिटासकडे आणि आता आर्क्टेराकडे गेलं आहे. जुन्या लिंक उघडतीलच असं नाही.

प्रश्न : रत्नागिरीत आमचा मासळी निर्यातीचा व्यवसाय आहे. ऑफिसच्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट ३६५ चं आऊटलुक आहे, तेच अर्काइव्ह सर्व्हरवर टाकलं. उघडतं व्यवस्थित, मेलही येतात, पण अर्काइव्हचा प्रोग्राम म्हणतो आऊटलुक सापडत नाही!

उत्तर : दोन गोष्टी तपासा. आऊटलुकमध्ये फाइल, मग ऑफिस अकाउंट उघडा. तिथे 'अपडेट ऑप्शन्स' असं बटण दिसलं तर तुमचं आऊटलुक क्लिक-टू-रन जातीचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या इन्स्टॉल पद्धतीचं आहे. ते स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात राहतं, त्यामुळे बाहेरच्या प्रोग्रामला त्याच्या मॅपी फायली नेहमीच्या जागी मिळतीलच याची खात्री नाही. शिवाय ते आपलं आपण अपडेट होतं. अर्काइव्ह सर्व्हरवर मला ही गोष्ट सर्वांत खटकते. काल चालणारं आज का बंद पडलं, याचा शोध मग कुठून सुरू करणार?

त्याच पानावर 'अबाउट आऊटलुक' दाबा. ३२-बिट की ६४-बिट ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट डीएलएल उचलू शकत नाही, त्यामुळे अर्काइव्हचा प्रोग्राम ज्या जातीचा, त्याच जातीचं आऊटलुक हवं. ऑफिस २०१९ पासून काही न निवडता इन्स्टॉल केलं तर ६४-बिट बसतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

जुन्या धाटणीचं, एमएसआयवालं (विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने बसणारं) शेवटचं आऊटलुक म्हणजे २०१६, तेही व्हॉल्यूम लायसन्सवरचं, म्हणजे संस्थांना एकगठ्ठा मिळणारं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी संपला. तेव्हा आज नवी उभारणी करणाऱ्याने मॅपीच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करावा. तुमचे मेलबॉक्सही ३६५ वरच असतील तर सोपी वाट आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत जर्नलिंगने एसएमटीपीवरून (मेल पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीने) अर्काइव्हकडे पाठवा. त्या वाटेत आऊटलुक लागतच नाही.

प्रश्न : चिपळूणला आमची पतसंस्था आहे. मेल होस्टिंगवाल्याकडे, आयमॅपवर (सर्व्हरवरचे मेल वाचायची सर्वसाधारण पद्धत). अर्काइव्ह बसवून देणारा म्हणतो, सर्व्हरसाठी आऊटलुकचं लायसन्स घ्या. घ्यावं का?

उत्तर : आयमॅपवरून मेल ओढायला आऊटलुक लागत नाही. जुन्या कर्मचाऱ्यांच्या पीएसटी फायली (आऊटलुकने मशीनवर साठवलेले मेल) आत घ्यायच्या असतील तर बऱ्याच प्रोग्रामना ते लागतं, पण ते काम आऊटलुक असलेल्या कुठल्याही एका मशीनवरून उरकता येतं. पीएसटी आधी त्या मशीनच्या डिस्कवर कॉपी करा. नेटवर्कवरून उघडलेली पीएसटी बिघडू शकते.

वाचलेले पैसे दुसऱ्या प्रतीवर घाला. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना मी सांगायला नको. अर्काइव्ह तळमजल्यावर आणि त्याचा बॅकअपही तळमजल्यावरच, असं असेल तर अर्काइव्ह नसल्यातच जमा. एक प्रत गावाबाहेर हवी.

प्रश्न : कुडाळ. मे महिन्यात वादळी पावसात लाइट गेली, यूपीएसही बसला. मशीन पुन्हा चालू झाल्यापासून अर्काइव्ह बंद आहे. लॉगमध्ये डीफॉल्ट मेल क्लायंटबद्दल काहीतरी येतं. लाइटने आऊटलुक बिघडलं का?

उत्तर : लाइटचा दोष बहुधा इतकाच, की तिने रीस्टार्ट घडवून आणला. आधी कधीतरी कोणीतरी त्या सर्व्हरवर दुसरा मेल प्रोग्राम टाकला असेल आणि त्याने डीफॉल्टची जागा बळकावली असेल. जुनी सर्व्हिस चालू होती तोवर ते लपून राहिलं. सर्व्हिस अकाउंटने लॉगिन करून डीफॉल्ट अॅप्समध्ये ईमेलपुढे आऊटलुक करा, नको तो प्रोग्राम काढा, रिबूट करा. तरीही अडलं तर रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, क्लायंट्स, मेल इथली डीफॉल्ट किंमत बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट आऊटलुक' असायला हवं. एवढं करूनही चालेना, तर मग आऊटलुक रिपेअर करा, आधी नको.

आणि तो यूपीएस बदला. पावसाळा तोंडावर असताना बॅटरी तपासायची सवय आपल्याकडे फक्त इन्व्हर्टरपुरतीच असते.

प्रश्न : देवगडहून विचारतो. विंडोजबरोबर येणारं 'नवं आऊटलुक' फुकट आहे. ते चालेल?

उत्तर : नाही. नाव तेच असलं तरी आत मॅपी नाही. जुन्या पद्धतीचं, ज्याला आता क्लासिक म्हणतात तेच लागेल.